तबकडीला नाव ठाऊक नसते

भाते निसवू लागली की आमच्या जोयडा तालुक्यात अलीकडे एक नवी शोभा बांधाबांधांवर दिसू लागते. बुजगावण्याच्या पसरलेल्या हातांना, कधी नुसत्याच रोवलेल्या काठीला, सुतळीने बांधलेल्या रुपेरी तबकड्या टांगलेल्या असतात. वारा आला की त्या गरगरतात, उन्हाची तिरीप इकडून तिकडे फेकतात आणि पाखरे बिचकून दूर होतात. शेतकऱ्याचे काम भागते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र त्या तबकड्यांवर काय होते हे टांगण्यापूर्वी कोणी ऐकून पाहिले होते काय, हा प्रश्न आमच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

हा विषय आज या सदरात घेण्याचे निमित्त वाचकांच्या पत्रांचे आहे. बेळगावच्या एका भगिनींनी लिहिले आहे की, घरात वीस-पंचवीस जुन्या सीडी आहेत; वाजवण्याचे यंत्र मोडीत गेले; मुले म्हणतात, ‘टाकून द्या, सगळी गाणी आता फोनवर मिळतात.’ आणखी दोघा-तिघांच्या पत्रांचा आशयही हाच. मुलांचे म्हणणे अगदीच चूक नाही. पंडित भीमसेन जोशी यांचे अभंग किंवा कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने बाजारातून आणलेल्या तबकडीवर असतील, तर ती आपल्या घरातून गेली तरी जगातून जाणार नाहीत. परंतु बहुतेक घरांत त्या चळतीच्या तळाशी एखादी तबकडी अशी असते की, तिची दुसरी प्रत कोठेही नसते. कोणाच्या मुंजीत म्हटलेली मंगलाष्टके, कोणा आजोबांचे कीर्तन, हळदीच्या रात्री बायकांनी म्हटलेली गाणी. फोटो-स्टुडिओवाल्याने ती भरून दिली, वर शाईने ‘लग्न’ एवढाच शब्द लिहिला आणि काम संपले. आमचे आजचे लिहिणे आहे ते या तळाच्या तबकडीसाठी.

प्रथम ही वस्तू काय आहे ते थोडक्यात पाहू. फिलिप्स ही डच कंपनी आणि सोनी ही जपानी कंपनी या दोघींनी मिळून तिचे नियम १९८० साली ठरवले आणि १९८२ साली ती जपानात विक्रीस आली. बारा सेंटिमीटर व्यासाच्या या चकतीत आतून बाहेर जाणारी एकच सलग वाट असते. तिचे फेरे इतके दाट की, माणसाच्या एका केसाच्या जाडीत सुमारे चाळीस मावतील. उलगडून सरळ केली तर ती वाट पाच किलोमीटरांहून लांब भरेल. आमच्या ग्रामोफोनच्या काळातील रेकॉर्डची सुई बाहेरून आत येई. येथे प्रकाशाचा किरण आतून बाहेर जातो. एका सेकंदाच्या आवाजाची ४४,१०० वेळा मोजणी करून, डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगवेगळे आकडे त्या वाटेवर सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने कोरलेले असतात. ७४ मिनिटांच्या गाण्याचे हे आकडे साठवायचे म्हटले, तर संगणकाच्या मापाने सुमारे ७८ कोटी बाइट जागा लागते.

आता आमच्या शाळेतील संगणकाविषयी. अणशी हे घाटमाथ्यावरचे, काळी व्याघ्र प्रकल्पाच्या कुशीतले गाव. येथील अरण्य १९८७ साली राष्ट्रीय उद्यान झाले. पाऊस येथे मोजण्यापेक्षा सोसण्याचा विषय आहे. अशा ठिकाणी संगणक निरोगी ठेवणे म्हणजे ओल्या चुलीवर भाकरी भाजणे. आमच्याकडे जो एक जुना संगणक उरला आहे, त्याला चित्रे, चौकटी आणि रंगीत खिडक्या उघडण्याचे बळ आता राहिलेले नाही. आमचा एक जुना विद्यार्थी पुण्याला या क्षेत्रात नोकरी करतो. त्याने सुटीत येऊन त्यावर लिनक्स ही प्रणाली बसवून दिली, आणि तीही नुसत्या अक्षरांची. यंत्र सुरू केले की काळा पडदा येतो, त्यावर एक छोटी खूण लुकलुकत राहते आणि तुम्ही काय लिहिता याची वाट पाहते. माउस नाही, चित्र नाही. कळफलकावर शब्द लिहावा, ओळ संपवण्याची कळ दाबावी, आणि आज्ञा बरोबर असेल तर ती पाळली जावी. याला टर्मिनल म्हणतात. ‘इजेक्ट’ हा शब्द इंग्रजी पाच अक्षरांत लिहिला की सीडीचा खण आपोआप बाहेर येतो, हे पाहून सहावीतील मुले प्रथम हसली आणि नंतर बराच वेळ खण आत-बाहेर करीत बसली. त्यांतील बहुतेकांनी सीडी शेतात पाहिली होती. यंत्रात जाताना पाहिली नव्हती.

अशा काळ्या पडद्यावरून गाणे वाजवणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. १९९०नंतरच्या दशकात लिनक्स वापरणारे हेच करीत. ‘वर्कबोन’ नावाची एक छोटी आज्ञावली होती. कळफलकाच्या उजव्या बाजूस जो अंकांचा चौक असतो, त्याच्याच कळा ती वाजवणे, थांबवणे, पुढे जाणे यांसाठी वापरी. ‘सीडी-टूल’, ‘सीडीसीडी’ अशी तिची भावंडेही होती. गंमत अशी की, त्या काळी गाणे संगणक वाजवीतच नसे. सीडीची ड्राइव्ह हेच एक पुरते वाद्य होते. आकड्यांचा आवाज करण्याची सोय तिच्या पोटातच असे. पुष्कळांच्या तोंडाशी हेडफोन लावण्याचे छिद्र आणि आवाज कमीजास्त करण्याचे चाकही असे. तिच्या पाठीतून एक बारीक तार निघे आणि साउंड कार्डाला जाऊन मिळे. संगणकाने फक्त ‘तिसरे गाणे लाव’ एवढा निरोप द्यायचा आणि आपल्या कामाला लागायचे. म्हणूनच आजच्या साध्या फोनच्या शतांशानेही बळ नसलेली यंत्रे त्या काळी निर्वेध गाणी ऐकवू शकत.

ही गोष्ट ठाऊक नसली तर माणूस चकतो. आमच्या यंत्राची मूळ ड्राइव्ह एका पावसाळ्यात निकामी झाली, म्हणून विद्यार्थ्याने अलीकडची बसवली होती. जुनी आज्ञावली सुरू केली, तबकडी फिरू लागली, पडद्यावर सेकंद पुढे सरकू लागले. आणि आवाज काही येईना! एक मिनिट झाले, दोन झाली, पहिले गाणे संपून दुसरे लागल्याचेही पडद्याने सांगितले, पण कर्ण्यातून चकार शब्द नाही. कारण असे की, नव्या ड्राइव्हना बहुधा ती आवाजाची तारच नसते. त्या केवळ आकडे वाचून संगणकाच्या हवाली करतात. त्यांचा आवाज करणे हे संगणकाचे काम. तेव्हा आज्ञाही तशीच द्यावी लागते. ‘एम-प्लेअर’ किंवा ‘एमपीव्ही’ या आज्ञावलींना ‘सीडीडीए’ या चार अक्षरांनी सीडीचा पत्ता सांगितला की, त्या आकडे उचलून साउंड कार्डाकडे पाठवतात आणि गाणे ऐकू येते. ज्या वाचकांच्या घरी जुना संगणक असून सीडी ‘मुकी’ वाजते, त्यांनी यंत्राला दोष देण्यापूर्वी एवढे पाहावे.

आम्ही जी तबकडी लावली होती, ती गावाजवळच्या एका वाडीवरील घरातून आलेली. सुमारे वीस वर्षांपूर्वी त्या घरी लग्न झाले, तेव्हा हळदीच्या रात्री कोणी हौसेने बायकांची गाणी ध्वनिमुद्रित करून घेतली होती. आमच्या भागात शाळेत कानडी, घरी कुणबी वळणाची कोकणी, भजनात मराठी आणि बाजारात या तिन्ही, असा संसार आहे. गाण्यांतही या भाषा एकमेकींच्या पदराला धरून चालतात. ते घरचे लोक म्हणाले, “मास्तर, एवढ्यात आमची आई बोलते का बघा.” आई जाऊन सहा वर्षे झाली होती. तिचा फोटो होता, साडी होती, आवाज मात्र या चकतीतच असेल तर असेल.

पडद्यावर काय दिसले? एक ते अकरा अंक, आणि प्रत्येकापुढे मिनिटे व सेकंद. याहून अधिक काही नाही. घरच्या मंडळींना वाटले होते की, संगणकात घातल्यावर कोण गाते आहे ते लिहून येईल. फोनवर गाणे लावले की नाव येते, गायकाचे येते, चित्रही येते. मग एवढ्या मोठ्या यंत्राला का येऊ नये? त्यांना निराश करावे लागले. ज्या नियमांनी ही तबकडी बनली, त्यांत नावाला जागाच नाही. तबकडीच्या आरंभी एक अनुक्रमणिका असते. तीत गाणी किती आणि कोणते गाणे कोणत्या मिनिटाच्या कोणत्या सेकंदाला सुरू होते, एवढेच लिहिलेले असते. सेकंदाचेही ७५ भाग करून ती वेळ काटेकोर सांगितलेली असते. वेळेच्या बाबतीत इतका नेमकेपणा, आणि नावाच्या बाबतीत संपूर्ण मौन! पुढे १९९६ साली नावे लिहिण्याची एक जादा सोय निघाली, पण ती फारच थोड्या तबकड्यांनी घेतली. रंगीत पडद्यावर हा उणेपणा झाकला जातो. काळ्या पडद्यावर तो उघडा दिसतो.

मग विकतच्या सीडी संगणकात घातल्यावर नावे कोठून येत असत? ती तबकडीतून येत नसत, माणसांकडून येत. १९९०नंतरच्या दशकात काही हौशी मंडळींनी एक युक्ती काढली. गाण्यांची संख्या आणि त्यांच्या आरंभवेळा यांवरून प्रत्येक तबकडीचा एक क्रमांक तयार करायचा आणि त्या क्रमांकासमोर नावे लिहून ठेवायची. ज्याने प्रथम ती सीडी लावली त्याने वेष्टन पाहून नावे टंकायची. पुढच्या सर्वांना ती आयती मिळत. हा साठा ‘सीडीडीबी’ या नावाने वाढला. लाखो लोकांनी फुकट केलेली ही नोंद पुढे व्यापारी मालमत्ता बनली, तेव्हा नाराज झालेल्यांनी ‘फ्रीडीबी’ नावाचा मुक्त साठा उभा केला. तोही २०२०मध्ये बंद झाला. ‘म्युझिकब्रेन्झ’ नावाचा अशाच स्वयंसेवकांचा साठा मात्र आज चालू आहे. सांगायचे ते हे की, यंत्र जेव्हा नाव सांगते, तेव्हा कोणीतरी अनोळखी माणसाने कधीतरी बसून ते लिहिलेले असते. हळदीच्या गाण्यांची नावे कोण लिहिणार? ती जगात एकाच घरी होती आणि वेष्टन कोरे होते.

आणखी एक अडचण आमच्या लिपीची. नावे मिळाली तरी आमच्या काळ्या पडद्यावर ती मराठीत उमटत नाहीत. अक्षरांच्या पडद्यावर एका वेळी २५६, फार तर ५१२ आकृत्या मावतात आणि प्रत्येक आकृतीला एकसारखी चौकट मिळते. इंग्रजीला ती पुरून उरते. परंतु आपली वेलांटी अक्षराच्या आधी बसते, उकार खाली लोंबतो, जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात. त्यांना या चौकटी मानवत नाहीत, आणि ‘लक्ष्मी’ लिहावे तर पडद्यावर प्रश्नचिन्हे उभी राहतात. हा प्रश्न आपल्याकडे पूर्वीच हाताळला गेला होता, हे येथे अभिमानाने नोंदवले पाहिजे. कानपूरच्या आयआयटीत झालेल्या कामाच्या पायावर पुण्याच्या सी-डॅक या १९८८ साली स्थापन झालेल्या संस्थेने ‘जिस्ट’ नावाचे तंत्र पुढे नेले. संगणकात एक जादा कार्ड बसवले की, त्या अक्षरांच्या पडद्यावरही देवनागरी आणि इतर भारतीय लिप्या शुद्ध दिसू लागत. आज रंगीत पडद्यांवर युनिकोडमुळे मराठी सर्वत्र दिसते. साधा काळा पडदा मात्र अजून आपल्याला परकाच आहे. आम्ही त्यावर सोपा तोडगा काढला. यंत्रात फक्त अंक ठेवले आणि नावांसाठी दोनशे पानी वही घेतली.

गाणे नुसते वाजवून भागणार नव्हते. ते तबकडीतून काढून ठेवायचे होते. त्यासाठी ‘सीडी-पॅरानोइया’ नावाची आज्ञावली आहे. हे नाव संशयपिशाच्चाचे, आणि तिचा स्वभावही तसाच. गाण्याच्या सीडीत नेमक्या ठिकाणी बोट ठेवणे ड्राइव्हला कठीण जाते. म्हणून ही आज्ञावली प्रत्येक तुकडा थोडा मागून, थोडा पुढून, असा पुनःपुन्हा वाचते आणि दोन वाचने जुळल्याखेरीज पुढे जात नाही. ती नीट चालली असेल तर पडद्यावर विरामचिन्हांचा बनवलेला एक छोटा हसरा चेहरा दाखवते; अडचण आली की त्याचे तोंड वाकडे होते. आठव्या गाण्याला तो चेहरा रडवेला झाला आणि मुलांचे चेहरेही उतरले. तबकडी काढून मऊ सुती कापडाने मधून काठाकडे सरळ पुसली, पुन्हा लावली. त्या एका गाण्याला चाळीस मिनिटे लागली, दोनदा वीज गेली, पण ते हाती आले. पुढे ती अकराही गाणी ‘फ्लॅक’ या पद्धतीने साठवली. या पद्धतीत जागा बरीच कमी लागते आणि मूळ आकड्यांतला एकही गळत नाही.

पुढचा भाग यंत्राच्या आवाक्याबाहेरचा होता. एका रविवारी शाळेच्या पडवीत कर्णे मांडले आणि वाडीवरील पाच-सहा वृद्ध स्त्रियांना बोलावले. मुले वही घेऊन बसली. पहिल्या गाण्याला कोणी काही बोलले नाही. दुसऱ्याला एकीने मान हलवली. चौथे गाणे सुरू झाले, आणि पहिला शब्द पुरा होण्याआधीच एक आजी म्हणाल्या, “हा माझ्या जावेचा आवाज. ती श्वास असा मध्येच घ्यायची.” नंतर आठवणींना वाट फुटली. कोण गाते, मागून कोण झील धरते, हे गाणे हळद लावताना म्हणायचे की हळद उतरवताना, कोणत्या माहेराहून ते या गावी आले, हे सर्व त्या सांगत गेल्या. एका गाण्यात मागे बांगड्या वाजतात; त्या कोणाच्या, यावर दोघींचा वाद झाला आणि तोही मुलांनी लिहून घेतला. ज्यांनी ती तबकडी आणली होती, त्यांच्या आईचा आवाज सातव्या गाण्यात निघाला. त्यांची धाकटी मुलगी आजीच्या मृत्यूच्या वर्षी जन्मलेली. तिने ते गाणे तीन वेळा लावायला सांगितले आणि तिसऱ्या वेळी आज्ञा स्वतः लिहिली.

अकरांपैकी नऊ गाण्यांची नावे व गाणारणींची नावे वहीत आली. दोन राहिली. पाच वर्षांपूर्वी विचारले असते तर तीही मिळाली असती, असे त्या आजींनीच सांगितले. कारण तो सगळा संच ज्या बाईला ठाऊक होता, ती त्यानंतर गेली. वाचकहो, आमचे सगळे म्हणणे या एका वाक्यात आहे. आवाज वीस वर्षे टिकला. त्याचे नाव मात्र माणसाबरोबर गेले.

या बाबतीत पूर्वसूरींनी दाखवलेले शहाणपण पाहण्यासारखे आहे. १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे ग्रामोफोन कंपनीने ध्वनिमुद्रित केले. जेमतेम तीन मिनिटांच्या त्या गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचे नाव मोठ्याने सांगत. पुष्कळांना तो गर्व वाटतो. पण त्या काळी रेकॉर्डी तयार होण्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हरला जात. तेथील कारागिरांना गाणे कोणाचे हे कळावे आणि कागद बरोबर चिकटावा, यासाठी नाव आवाजातच असणे सोयीचे होते. कागद गेला, वेष्टन गेले, तरी नाव गाण्यासोबत राहिले. शंभरांहून अधिक वर्षांनी ती रेकॉर्ड ऐकणाऱ्यालाही ‘ही कोण?’ असे विचारावे लागत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्राचे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या जमवण्याचे काम अनेक वर्षे केले. एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहून घेतल्या, आणि बर्नार्ड बेल या संगीताभ्यासकाच्या साहाय्याने पुष्कळशा ध्वनिमुद्रितही झाल्या. हा ठेवा २०१७पासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने लोकांपुढे ठेवला आहे. त्यातील ओव्यांइतकीच आम्हांला मोलाची वाटते ती ओवीखालची नोंद: गाणारणीचे नाव, तिचे गाव, तिचा तालुका. ज्या बाईचे नाव सातबाऱ्यावर क्वचितच आले, ते येथे तिच्या शब्दांखाली आले. ओवी ‘लोकगीत’ म्हणून निनावी होणे सोपे असते. त्या संग्रहाने तसे होऊ दिले नाही.

आता पत्रलेखक भगिनींना आणि त्यांच्यासारख्या सर्वांना कामाच्या चार गोष्टी सांगतो.

एक. घरातील तबकड्यांची निवड करावी. ज्यांची प्रत बाजारात आहे त्या बाजूला, ज्यांची नाही त्या वेगळ्या. लग्नाच्या पुष्कळ तबकड्या चित्रफितीच्या, म्हणजे व्हीसीडी असतात. त्यांची रीत निराळी, पण त्याही जपण्याच्याच.

दोन. घरी भरलेल्या तबकड्यांना आधी हात घालावा. कारखान्यात ठोकलेल्या तबकडीत खळगे असतात. घरी भरलेलीत रंगाचा थर जाळून खुणा केलेल्या असतात, आणि तो रंग उन्हाने व उष्णतेने विटतो. ओलाव्याचे भयही खोटे नव्हे. मध्य अमेरिकेतील बेलीझ या दमट देशात आणलेल्या एका सीडीत बुरशीने आतला थर खाऊन वाटा पाडल्याचे स्पॅनिश शास्त्रज्ञांनी २००१ साली दाखवून दिले. आमच्या घाटातील पाऊस बेलीझपेक्षा सौम्य आहे असे आम्हांला वाटत नाही.

तीन. तबकडीची चकचकीत बाजू आपण जपतो आणि नाव लिहिण्याची बाजू वाटेल तशी ठेवतो. खरी नाजूक आहे ती वरची. आवाज धरणारा धातूचा थर तिच्या पातळ मुलाम्याखालीच असतो. तेथे बॉलपेनाचे टोक रुतले की तेवढे गाणे गेले. खालच्या बाजूचा ओरखडा पुष्कळदा निभावतो. पुसताना गोल फिरवून पुसू नये. मधून काठाकडे न्यावे.

चार. संगणक जुना आहे म्हणून टाकू नये. ज्यात सीडीची ड्राइव्ह चालते असा कोणताही संगणक, मग त्याचा पडदा काळा असो की रंगीत, या कामास पुरतो. गावात शाळा असेल तर तेथे विचारावे. मुले हे काम आनंदाने करतात, आणि करता करता जे शिकतात ते पुस्तकात नाही. काढलेल्या गाण्यांची एक प्रत घरी, एक परगावच्या नातेवाइकाकडे ठेवावी.

पाचवी गोष्ट यंत्राची नव्हे, म्हणून वेगळी सांगतो. गाणे काढून झाले की लगेच थांबू नये. घरातील, आळीतील वडीलधाऱ्यांना बोलावून ते ऐकवावे, आणि जे ते सांगतील ते तारखेसह लिहावे. इतःपर कोणाचे गाणे, ओवी, आरती, गोष्ट फोनवर टिपून घ्याल, तेव्हा आरंभी त्यांच्याच तोंडून नाव, गाव आणि प्रसंग वदवून घ्यावा. फोन बदलतील, ‘फ्लॅक’ही उद्या सीडीसारखी जुनी होईल, आवाजात मिसळलेले नाव मात्र आवाज जाईल तेथे जाईल. आमच्या बायकांना स्वतःचे नाव उच्चारायला संकोच वाटतो, हे आम्ही जाणतो. आमच्या पडवीतील आजींनाही वाटला. गाणे सहज म्हटले, नाव सांगताना पदर तोंडावर आला. तरी नातींनी आग्रह धरला, आणि अखेरीस प्रत्येकीने आपले नाव सांगितले. दोघींनी माहेरचेही सांगितले.

त्या दिवसाची वही आता शाळेच्या कपाटात आहे. अकरा ओळी आखलेल्या आहेत. सहाव्या आणि दहाव्या क्रमांकापुढची जागा कोरी आहे. मुलांनी तेथे ‘अज्ञात’ असे लिहायला घेतले होते. आम्ही लिहू दिले नाही. गणेशगुडीकडे दिलेली त्या वाडीवरची एक माहेरवाशीण दिवाळीला येणार आहे, असे कळते. तिला ती दोन गाणी ऐकवायची आहेत.